मेलबॉक्स कुणी दुरुस्त करायचा

माझ्या कामाला अवजार लागायचं ते एकच, खुर्च्या. त्या गोल मांडायच्या, मध्ये टेबल ठेवायचं नाही. टेबल असलं की माणूस त्याच्या मागे लपतो, कोपरं टेकवतो, पेनाशी चाळा करतो. टेबल काढून घेतलं की हात कुठे ठेवावेत हे भल्याभल्यांना कळत नाही, आणि मग ते खरं बोलायला लागतात. चर्चच्या तळघरात, लायब्ररीच्या मागच्या खोलीत, एकदा तर फायर स्टेशनच्या स्वयंपाकघरातसुद्धा मी खुर्च्या मांडल्या आहेत. निवृत्त झाले तरी लग्नाच्या हॉलमध्ये रांगेत लावलेल्या खुर्च्या दिसल्या की माझे हात शिवशिवतात.

जॉर्जियातल्या अल्फारेटाच्या आपल्या मराठी मंडळात अजूनही निम्म्या लोकांना वाटतं की मी वकील होते, उरलेल्यांना वाटतं मी समुपदेशक होते. दोन्ही नाही. अल्पवयीन मुलाच्या हातून काही घडलं, दुकानातून वस्तू उचलली, कुणाची गाडी ओरबाडली, शाळेत मारामारी केली, तर खटला उभा राहण्याआधी न्यायाधीश कधीकधी ते प्रकरण आमच्याकडे पाठवायचे. मग मी त्या मुलाला, ज्याचं नुकसान झालं त्या माणसाला आणि मुलाच्या आईवडिलांना एका गोलात बसवायची. मुलाने काय केलं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. समोरच्याने आपल्याला काय सोसावं लागलं ते सांगायचं. आणि ते भरून कसं काढायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. ठरलेलं पार पडलं की प्रकरण बंद, नावावर काही राहत नाही. नाही पडलं, किंवा समोरचा माणूस बसायलाच तयार झाला नाही, तर कागद परत कोर्टात. मी काय करायची, तर खुर्च्या मांडायची आणि लोकांना मध्ये बोलू द्यायची नाही.

सर्वांत जास्त मध्ये बोलायचे ते आईवडील. म्हणून माझा नियम होता, आईवडिलांची खुर्ची मुलाच्या शेजारी ठेवायची नाही, समोर ठेवायची. शेजारी असले की आई कॉलर नीट करते, वडील कोपराने ढोसतात, आणि प्रश्न मुलाला विचारला की उत्तर दोन बाजूंनी येतं. समोर बसवलं की निदान हात पोचत नाहीत. जीभ पोचते, तिचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. त्यासाठी माझ्याकडे एक लाकडी भोवरा होता. तो ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं.

सगळ्या देशांचे, रंगांचे आईबाप मी पाहिले. ‘हा कार्टा तुमचाच, हवं ते करा’ म्हणून फोनमध्ये डोकं घालणारे पाहिले, आणि मुलाऐवजी स्वतःच ढसाढसा रडणारेही. पण आपल्या लोकांची एक खास तऱ्हा आहे. आपले आईवडील मुलाची शिक्षा स्वतःच भोगून मोकळे होतात. एका पुणेकर बाईंनी मुलाने ज्याच्या दुकानात चोरी केली होती त्या कोरियन दुकानदारासाठी बेसनाचे लाडू आणले. तो बिचारा दोन लाडू खाऊन इतका विरघळला की आपण कशाने रागावलो होतो तेच विसरला, आणि मुलगा काही न बोलता घरी गेला. एका आयटीतल्या गृहस्थांनी चक्क स्लाइड्स करून आणल्या होत्या, मुलगा असा का वागला याची कारणमीमांसा, बाणांसकट. त्यांना मी प्रोजेक्टर नाही म्हणून सांगितलं. प्रोजेक्टर कपाटात होता.

आता ज्या प्रकरणाबद्दल लिहायचं आहे ते सांगते. नावं बदलली आहेत, काही तपशीलही. कुणाला ओळख पटलीच तर कृपया ओळख दाखवू नये.

सई देशपांडे सोळा वर्षांची. वडील नितीन मूळचे नागपूरचे, एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये. आई मेधा, तीही आयटीत. ग्रीन कार्डाच्या रांगेत बरीच वर्षं उभे असलेलं कुटुंब. एका शनिवारी संध्याकाळी सई शाळेतल्या मित्राच्या गाडीत बसून गावाबाहेरच्या जुन्या रस्त्याने चालली होती. नव्या कॉलन्यांमध्ये घरोघरच्या टपालाचे मेलबॉक्स सगळे एकसारखे असतात, काळे, चकचकीत, कॉलनीच्या नियमाबरहुकूम. जुन्या रस्त्यावर मात्र प्रत्येकाचा वेगळा, कडेला खांबावर बसवलेला. चालत्या गाडीतून बाहेर वाकून ते बॅटने उडवायचे, हा इकडच्या वाया गेलेल्या मुलांचा जुना खेळ. सई काही वाया गेलेली नव्हती. मित्र म्हणाला, तुझ्याच्याने होणार नाही. तेवढं पुरलं.

बॅट होती नितीनची. रविवारी आपल्या लोकांची क्रिकेटची लीग चालते, त्यासाठीची बॅट सईच्या सॅकबरोबर त्या गाडीत राहिली होती. पोलिसाला बिचाऱ्याला ती काय वस्तू आहे ते कळेना, त्याने तिचं वर्णन ‘लाकडी वल्हं’ असं केलं. मेलबॉक्स एका फटक्यात खाली आला. मागून येणाऱ्या गाडीवाल्याने नंबर टिपला आणि रात्रीच्या जेवणाआधी पोलीस देशपांड्यांच्या दारात उभे. मित्राचं प्रकरण वेगळं चाललं, सईचं माझ्याकडे आलं.

ज्यांचा मेलबॉक्स, त्या मिस हॅरियट. इकडे दक्षिणेकडच्या राज्यांत वडीलधाऱ्या बाईला नावाआधी ‘मिस’ लावतात, आपण काकू म्हणतो तसंच. पंचाहत्तरीच्या, गुडघे गेलेल्या, आवाज मात्र खणखणीत. उभा जन्म शाळेची बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी पत्रा वाकवून स्वतः तो मेलबॉक्स केला होता, पिवळ्या स्कूलबससारखा. खिडक्यांमध्ये चेहरे रंगवलेले. ते चेहरे त्यांच्या बसमधल्या मुलांचे होते, एकेक नावानिशी ओळखू येणारे. त्यांनी मला फोनवर सांगितलं की आपण बसायला तयार आहोत, त्या मुलीला बघायचंय एकदा.

सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असतानाच एका रविवारी नितीनचा फोन आला. मी कामावर असताना सगळ्यांना अहो-जाहो करायची, मुलांनासुद्धा. नितीन मला पहिल्या भेटीत मॅडम म्हणाला होता, आता एकदम काकूवर आला. आवाजात आनंद मावत नव्हता. म्हणाला, “काकू, मीटिंगला आता इश्यूच राहिला नाही. मी सगळं फिक्स केलं.”

त्याने काय केलं होतं ते त्याच्याच तोंडून कळलं. त्या सकाळी मिस हॅरियट चर्चला गेल्या असताना टीममधल्या दोन मित्रांना घेऊन तो तिथे गेला. जुना खांब उपटला. नवा सिमेंटमध्ये पक्का केला. त्यावर आपल्या कॉलनीत असतो तसा, पण त्याहून भारी, ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा मेलबॉक्स बसवला. भोवती माती सारखी करून पँझीच्या फुलांची रोपं लावली. वर काजूकतलीचा डबा आणि ‘सॉरी’ लिहिलेलं कार्ड ठेवलं. जुना पत्रा आणि लाकूड गाडीत घालून कचरा डेपोवर टाकून आला.

“नितीन, तू आधी खाली बस,” मी म्हटलं. कामावर मी कुणाला अरे-तुरे केल्याची ती पहिलीच वेळ असावी.

त्याला माझा राग कळेना. तो म्हणत राहिला की नुकसान झालं होतं, ते भरून दिलं, दुपटीने दिलं. सई कुठे होती, मी विचारलं. सई झोपली होती. मीटिंगच्या धास्तीने रात्रभर रडून दमली होती, म्हणून उठवली नाही.

त्याच दुपारी मिस हॅरियटचा फोन आला. चर्चमधून परत आल्यावर त्यांना क्षणभर वाटलं की आपण चुकीच्या घरी आलोय. गुडघ्यांमुळे त्यांना वाकवत नसे, म्हणून त्यांचा पुतण्या त्याच संध्याकाळी येऊन तिथे पडलेले तुकडे गॅरेजमध्ये ठेवणार होता. पत्रा ठोकून सरळ करता येईल, रंग पुन्हा देता येईल, असा त्यांचा हिशेब. तो मोडलेला पत्रा म्हणजे त्यांची मुलंच होती म्हणा. त्या चिडल्या नव्हत्या, हे जास्त वाईट. हळू आवाजात म्हणाल्या, “फोडला कुणी ते मला कळलं. पण उचलून कुणी नेला? मी आता कुणाबरोबर बसायची नाही. जाऊ दे त्यांना कोर्टात.”

मी फोन ठेवला आणि मला एक जुना मुलगा आठवला. त्याच्या आईवडिलांनी वकील केला, गोल काही झालाच नाही, प्रकरण तांत्रिक मुद्द्यावर सुटलं. सगळ्यांनी पेढे खाल्ले. त्याची आई मला अजून मंडळात भेटते. ज्या शेजाऱ्याच्या घरात तो घुसला होता त्या गल्लीतून तो आजही जात नाही, सुट्टीला घरी आला तरी लांबचा वळसा घेतो, असं तिनेच मला एकदा वाढता वाढता सांगितलं. त्याच्या नावावर काही राहिलं नाही. मनात राहिलं ते काढायची जागा कुणी दिली नाही. त्या मुलाची हळहळ मला अजून वाटते.

सईच्या घरी तर दुहेरी भीती होती. कोर्टात गेलं तर ‘रेकॉर्ड’. हा शब्द आपल्या घरांमध्ये किती हळू आवाजात उच्चारतात ते ज्यांनी व्हिसाच्या रांगेत वर्षं काढलीत त्यांनाच ठाऊक. मेधा मला फोनवर म्हणाली की नितीन जेवत नाहीये, आणि सई खोलीतून बाहेर येत नाहीये, आणि आपण दोघांपैकी कुणाकडे आधी बघावं हे तिला कळत नाहीये.

मग मी मिस हॅरियटच्या घरी गेले आणि त्यांच्या पोर्चवर बसले. पटवायला गेले नव्हते, या कामात पटवणं चालत नाही. नुसती बसले. समोर तो अ‍ॅल्युमिनियमचा मेलबॉक्स उन्हात चमकत होता. त्यांनी मला गोड चहा दिला, आपल्या चहाहून गोड आणि बर्फ घातलेला. काजूकतलीचा डबा तसाच कठड्यावर होता, न उघडलेला. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, त्या मुलीचा बाप कामाला कुठे आहे? मी सांगितलं, कॉम्प्युटर बिघडले की दुरुस्त करतो. त्या हसल्या. म्हणाल्या, तरीच. येते मी. पण बापाची खुर्ची पोरीच्या शेजारी ठेवायची, कारण ऐकायचं आहे ते दोघांकडून.

माझा नियम मी मोडला. लायब्ररीच्या मागच्या खोलीत सई आणि नितीन शेजारीशेजारी बसले, मेधा समोर, मिस हॅरियटच्या बाजूला.

भोवरा आधी सईकडे गेला. ती इंग्रजीत बोलली, मी मराठीत सांगते. काय झालं ते तिने सरळ सांगितलं, मित्राचं नाव पुढे केलं नाही. मेधा एकदा खुर्चीत पुढे सरकली, मी नुसतं बघितलं, ती मागे झाली. मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला की त्यानंतर मनात काय होतं.

“त्या रविवारी उठले तर बाबा म्हणाला, सगळं झालं, आता विसर,” सई म्हणाली. “मी काय तोडलं ते मला उजेडात बघायलाही मिळालं नाही. त्यावर चेहरे होते हे मला पोलिसांनी दाखवलेल्या फोटोत कळलं.”

नितीनची मान खाली गेली. भोवरा त्याच्याकडे आला. सुरुवात त्याने ऑफिसातल्यासारखी केली. सिस्टिम बंद पडली की आधी चालू करायची, कारण नंतर शोधायचं, आमच्या कामात असंच असतं. मिस हॅरियटनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग भोवरा मागून घेतला आणि विचारलं, “ते तुकडे गाडीत घालताना तुम्ही बघितले का?”

भोवरा परत त्याच्या हातात गेला, आणि तो त्याची आर अंगठ्याने चाचपत राहिला. अशा वेळी सूत्रधाराने काहीही बोलायचं नसतं, हे या कामातलं सर्वांत अवघड काम. शेवटी तो म्हणाला, नाही. घाई होती. त्या यायच्या आत सगळं व्हायला हवं होतं. कचरा म्हणूनच उचलला. आणि मग सईकडे वळून मराठीत म्हणाला, “चुकलं माझं. तुझं काम मी उचलून नेलं.”

सई बापाकडे अशी बघत राहिली की जणू हा माणूस तिला नवा होता. मागाहून मेधाने मला सांगितलं, बापाच्या तोंडून ‘चुकलं’ हा शब्द त्या घरात त्याआधी कुणी ऐकला नव्हता. मिस हॅरियटना मराठी येत नाही, पण त्यांनी मला भाषांतर करायला सांगितलं नाही. बसमध्ये इतकी वर्षं आरशातून मुलांचे चेहरे बघितलेल्या बाई, त्यांना कळलं असावं.

मग ठरवाठरवी. अ‍ॅल्युमिनियमचा मेलबॉक्स काढायचा. सईने हाताने खड्डा खणून लाकडी खांब उभा करायचा, पत्र्याची नवी बस करायची, मिस हॅरियट शेजारी बसून सांगतील तशी. चेहरे त्या सांगतील, रंगवायचे सईने. तोवर टपाल पोस्टातून आणून त्यांना द्यायचं. सई प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती. नितीन वाट बघत होता. शेवटी त्याने विचारलंच, “आणि मी काय करायचं?”

“काही नाही,” मिस हॅरियट म्हणाल्या.

त्याला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. त्याच्या गॅरेजमध्ये खड्डा पाडायचं यंत्र आहे, निदान ते आणून देतो म्हणाला. नको. खांब तरी कापून देतो. नको. मग लेव्हल, खांब सरळ आहे का ते बघायची नळी? तीही नको. मी कागदावर नितीनच्या नावापुढे लिहिलं, ‘काहीही करायचं नाही’, आणि त्याने सही केली. पालकांनी आमच्याकडे बरंच काही कबूल केलेलं आहे, समुपदेशन, फोन काढून घेणं, रोज एकत्र जेवणं. यापेक्षा कठीण काही कुणी कबूल केल्याचं मला आठवत नाही.

खणायच्या दिवशी मी गेले. जॉर्जियाची लाल चिकणमाती ज्यांनी खणली नाही त्यांना सांगते, ती कोरडी असली की विटेसारखी आणि ओली असली की कुदळ सोडत नाही. सई टीशर्टवर लाल डाग घेऊन खणत होती. फावडं दर वेळी उसळून परत यायचं. मिस हॅरियट जवळच खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि तिला एकेका मुलाबद्दल सांगत होत्या. एक मुलगा रोज उलटी करायचा, एक मुलगी बसमध्ये चढली की गाणं म्हणायची. त्यांच्या मांडीवर काजूकतलीचा डबा होता, उघडलेला.

नितीन रस्त्यापलीकडे गाडीत. सईला तिथवर आणून सोडायचं काम तेवढं त्याला दिलं होतं. इंजिन बंद, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मेधाने दिलेला चहाचा थर्मास शेजारी तसाच. त्याला सगळं दिसत होतं. फावडं कुठे चुकीचं पडतंय, खड्डा वर रुंद आणि खाली अरुंद होतोय. एकदा त्याने दार उघडलं, एक पाय रस्त्यावर ठेवला. माझ्याकडे बघितलं. पाय आत घेतला, दार लावलं. मला त्याचं हसूही आलं आणि दयाही. मुलाचं काम मुलाला करू देणाऱ्या बापाची मेहनत कुणाच्या हिशेबात येत नाही.

दुपारी खांब खड्ड्यात उभा राहिला. सईने माती लोटली, पायाने दाबली. तो डावीकडे कलला होता, माझ्यासारखीलाही दिसत होतं. सई कपाळाचा घाम पुसत वळली आणि रस्त्यापलीकडे बघून ओरडली. घरी बापाशी कायम इंग्रजीत बोलणारी मुलगी, पण आता मराठीत.

“बाबा, सरळ आहे का?”

नितीनने मान बाहेर काढली. खांबाकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्याच्या ओठांवर उत्तर आलेलं मला स्वच्छ दिसलं, किती कलला आहे तेसुद्धा.

“तूच बघ,” तो म्हणाला.

ती चार पावलं मागे गेली. एक डोळा मिटून बघितलं. “नाहीये,” म्हणाली, आणि खांब दोन्ही हातांनी धरून हलवायला लागली, पुन्हा उपसायला. मिस हॅरियटनी काजूकतलीचा आणखी एक तुकडा घेतला. पलीकडे नितीनने, तोंडातून आणखी काही निघायच्या आत, गाडीची काच वर केली.